ट्रायल गाडी रस्त्यानेच न्यायची: शिपली ते बर्न्सल, ३५ किलोमीटर उभ्याने

गडगेकर | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. गाड्यांवर लिहिणारे इथे बरेच आहेत, पण ट्रायल गाडीवरचा धागा शोधून सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

मी इंग्लंडात ब्रॅडफर्डला लागून असलेल्या शिपलीत राहतो, मूळचा लांज्याकडचा. चार वर्षांपूर्वी जुनी बीटा इव्हो २५० घेतली. टू-स्ट्रोक, रस्त्यासाठी रजिस्टर झालेली, आरशापासून हॉर्नपर्यंत सगळं असलेली. ट्रायल म्हणजे दगड, ओढे, चिखल, उभे चढ यांतून पाय न टेकता गाडी काढायची. वेगाचा काही संबंध नाही. त्यासाठी बनवलेली ही गाडी साधारण ७० किलोची, आणि तिला सीट नाही. सीटच्या जागी पंजाभर रुंदीचं प्लास्टिक आहे, तेही इतकं खाली की बसलं तर गुडघे छातीला लागतात.

आमच्या क्लबला सरावासाठी एका शेतकऱ्याने जमीन दिली आहे, बर्न्सलच्या थोडं पुढे, वॉर्फ नदीच्या खोऱ्यात. माझ्या दारापासून ३५ किलोमीटर. क्लबमधले बाकी सगळे व्हॅनमध्ये गाडी घालून येतात. माझ्याकडे व्हॅन नाही, कारही नाही, राहायला फ्लॅट. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी गाडी चालवतच जातो, आणि आता व्हॅन मिळाली तरी बहुधा चालवतच जाईन. एवढ्या वर्षांत काय शिकलो ते लिहितो.

वाट आधी सांगतो, कारण अर्धं काम वाटेचं आहे. मोठा ए६५ रस्ता मी पूर्ण टाळतो. त्यावर मागून येणाऱ्याला ६५-७० च्या वेगाने जायचं असतं आणि माझ्या गाडीचा सुखाचा वेग ५५. म्हणून बेलडनच्या माळावरून हॉक्सवर्थ, बर्ली वुडहेड, मग उतरून इल्कली. तिथे नदी ओलांडून नेसफिल्ड, बीम्सलीचा अरुंद रस्ता. मग बोल्टन ॲबी, तिथली रस्त्यावरची अरुंद दगडी कमान, बार्डनचा पडका वाडा आणि बर्न्सलचा पाच कमानींचा पूल. दोन्ही बाजूंना चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचलेले बांध. इथे त्यांना वेगळं नाव आहे, मी त्यांना गडगेच म्हणतो. आमच्याकडे जांभ्याचे, इथे करड्या दगडाचे, पण रचणाऱ्याचा हात तोच.

आता गाडीचं. पहिली गोष्ट हवा. दगडावर पकड मिळावी म्हणून ट्रायलच्या टायरात हवा अगदी कमी ठेवतात: मागे ४-५ पीएसआय, पुढे ६ च्या आसपास. एवढ्या हवेवर डांबरी रस्त्याने गेलं तर टायरची कड सतत दुमडत राहते, तापते आणि वळणावर गाडी पाण्यात चालल्यासारखी डुलते. पहिल्याच फेरीत मी हवा भरायला विसरलो होतो. इल्कलीच्या उतारावर ते डुलणं जाणवलं, थांबून टायरला हात लावला तर चटका बसला. तेव्हापासून निघताना दोन्हीकडे १४, पोचल्यावर कमी करायची, परतताना पायपंपाने पुन्हा १४. साधा गेज इतकी कमी हवा नीट दाखवत नाही. ० ते १५ चा वेगळा गेज घ्या.

दुसरी गोष्ट पेट्रोल. टाकी अडीच लिटरच्या आसपास. रस्त्यावर माझी गाडी लिटरला साधारण २० देते आणि तीन तासांच्या सरावाला दोन लिटर लागतात. म्हणजे नुसत्या टाकीवर भागत नाही. मी इल्कलीच्या पंपावर टाकी भरतो आणि पाठीवरच्या पिशवीत ऑइल मिसळलेल्या पेट्रोलच्या एकेक लिटरच्या दोन धातूच्या बाटल्या ठेवतो. मिश्रण दीड टक्का, म्हणजे लिटरला १५ मिली. पंपावर आधी मापाने ऑइल टाकीत, मग पेट्रोल, मग गाडी दोन्ही बाजूंना चार वेळा हलवायची. जुनी चेतक स्कूटर वापरलेल्यांना हे नवीन नाही.

टू-स्ट्रोकची एक गोष्ट मात्र इथे जिवावरची आहे. इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. लांब उतारावर गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण सोडली, तर इंजिन जोरात फिरतंय आणि ऑइल जवळजवळ बंद, अशी स्थिती होते. म्हणून बर्ली वुडहेडवरून उतरताना मी अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देतो.

गिअरचं गणित वेगळं. सहा गिअर आहेत, पण खालचे चार एकमेकांना चिकटून, ते दगडांसाठी. वरचे दोन रस्त्यासाठी, मध्ये मोठी दरी. चढावर पाचवा ओढत नाही आणि चौथा किंचाळतो. मी पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, ११ ऐवजी १२ दातांचं बसवलं. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी प्रत्येक गिअरमध्ये सुमारे ९ टक्के जास्त अंतर जाऊ लागली, रस्त्यावर आवाज उतरला. दगडांत पहिला गिअर जरा जास्त पळतो खरा, पण ती क्लचची सवय आहे, होते.

राहता राहिले पाय. ३५ किलोमीटर म्हणजे मला जवळजवळ एक तास, उभ्याने. बोल्टन ॲबीला दहा मिनिटं उतरतो. इथल्या कोणी किंवा भारतातल्या कोणी असं केलं आहे का? अनुभव लिहा, मला खरंच हवेत.

निवडुंग | रविवार, रात्री १०:२५

पहिल्यांदाच ऐकतोय हा प्रकार. पाय टेकला की बाद का? आणि वेग नाही तर जिंकतो कोण?

गडगेकर | रविवार, रात्री १०:५०

बाद नाही, गुण चढतात. प्रत्येक अवघड तुकड्याला सेक्शन म्हणतात, दोन्ही बाजूंना फीत लावलेली असते आणि शेजारी एक माणूस वही घेऊन उभा. पाय एकदा टेकला की १, दोनदा २, त्याहून कितीही वेळा टेकला तरी ३. पडलात, फितीबाहेर गेलात किंवा वर पोचलाच नाहीत तर ५. एकदाही न टेकता निघालात तर शून्य, आणि त्या शून्यासाठीच सगळा खटाटोप. दिवसाअखेर ज्याचे गुण सर्वांत कमी तो पहिला.

वेगाचा अपवाद एक आहे, आणि तो माझ्याच गावातून निघाला. आल्फ्रेड अँगस स्कॉट यांचा मोटरसायकलचा कारखाना शिपलीत होता. त्यांच्या गाड्याही टू-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणाऱ्या. १९१४ साली त्यांनी कामगारांना आव्हान दिलं: कारखान्यातून निघायचं आणि यॉर्कशर डेल्सच्या डोंगरांतून बर्न्सलला पोचायचं. १४ जण निघाले, ९ पोचले. तीच पुढे स्कॉट ट्रायल झाली. ती आता उत्तरेला स्वेलडेलमध्ये होते आणि तिथे पाय टेकल्याचेही गुण लागतात, उशिराचेही. शिपली ते बर्न्सल ही माझी रविवारची वाट. हे वाचलं तेव्हा मी गाडी पुसत होतो, ती तशीच ठेवून बराच वेळ बसून राहिलो.

जुनी_बुलेट | सोमवार, सकाळी ७:१५

गडगेकर, वाचनखूण साठवली. कोल्हापूरकर म्हणून बुलेटची बाजू मांडतो.

आपल्याकडे लोकांना बुलेट म्हणजे रुबाबाची गाडी वाटते. पण तिच्या आजच्या घडणीचं मूळ ट्रायलमध्ये आहे. मागच्या चाकाला स्विंगआर्म सस्पेन्शन (चाक वरखाली होऊ देणारा झुलता दांडा) असलेला बुलेटचा नमुना १९४८ साली इंग्लंडातल्या कोलमोर ट्रायलमध्ये उतरवला होता. त्या काळी मागे सस्पेन्शन असलं की पकड जाते, असं जाणकार म्हणायचे. ते चुकीचं ठरलं. त्याच वर्षी इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बुलेटने सुवर्णपदकं मिळवली. जॉनी ब्रिटन याने रॉयल एनफिल्डवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल दोनदा जिंकली, १९५२ आणि १९५७. त्याची आठवण म्हणून कंपनीने २०१९ साली भारतात बुलेट ट्रायल्स काढली, ३५० आणि ५०० मध्ये, पण वर्षभरातच बंद केली. माझ्या भाच्याकडे ३५० आहे. वर घेतलेला सायलेन्सर, एकट्याची सीट, मागे कॅरिअर. दिसायला देखणी, पण तुमच्या गाडीच्या अडीचपट वजनाची.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. त्या जुन्या ट्रायल गाड्या आजही नंबरप्लेटने ओळखतात हे तुम्हाला माहीत असेलच. ट्रायलपटू सॅमी मिलरची एरियल म्हणजे जीओव्ही १३२, जॉनी ब्रिटनची एनफिल्ड एचएनपी ३३१. कारण त्या रस्त्यावरच्या गाड्या होत्या. माणूस आठवडाभर त्यावर कामाला जायचा, रविवारी दिवे काढून स्पर्धेत उतरायचा आणि संध्याकाळी दिवे लावून त्याच गाडीने घरी. व्हॅन नंतर आली. तुम्ही काही जगावेगळं करत नाही, जुनं तेच करताय.

विहिरीवरचा_पंप | सोमवार, दुपारी १:०५

लेस्टरहून लिहितोय, माझ्याकडेही ट्रायल गाडी आहे, गॅसगॅस. दोन गोष्टींवर असहमत.

एक, १४ पीएसआय मागच्या टायरला चालेल, पुढच्याला कमी आहे. पुढे २१ इंची बारीक टायर, आत ट्यूब. खड्ड्यात रिम बसली की ट्यूब चिमटून पंक्चर. मी पुढे १८ ठेवतो. दुसरं म्हणजे तुमचा मागचा टायर बघा. ट्रायलचे काही टायर फक्त स्पर्धेसाठी असतात आणि कडेवर हमरस्त्यासाठी नाही असा शिक्का असतो. असा टायर असेल तर तो आधी काढा. हा नुसता नियमाचा प्रश्न नाही, अपघात झाला तर विमावाले पहिलं तेच बघतील.

आणि मनापासून सांगतो, ७० किलोमीटर येऊन-जाऊन म्हणजे तुम्ही दर रविवारी मऊ रबर रस्त्यावर घासून टाकताय. मागच्या टायरच्या ठोकळ्यांना दगडावर धारदार कड लागते, तीच पहिल्यांदा जाते. छोटा ट्रेलर घ्या, कोणाच्या तरी गाडीला जोडा. गाडी मैदानासाठी जपा.

गडगेकर | सोमवार, रात्री ८:३०

पंपदादा, पुढच्या टायरचं पटलं. उद्यापासून १८. शिक्का बघितला, माझा टायर रस्त्याला चालणारा आहे, पण हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं, तुम्ही भर घातलीत ते बरं झालं.

टायर झिजतो, हे अगदी खरं. क्लबमधल्यांना मागचा टायर वर्षभर पुरतो, मला सात महिने. तो खर्च मी डोळे उघडे ठेवून करतो. ट्रेलरचं दोनदा करून पाहिलं, एका मित्राच्या गाडीमागे. वेळेत पोचलो, पाय ताजे होते. पण मैदानावर पहिला तास मी नुसता अडखळत होतो. एरवी चालवत येतो तेव्हा तासभर उभं राहून गुडघे, घोटे, खांदे गाडीशी जुळलेले असतात. बर्न्सलच्या पुलावर येईपर्यंत आज क्लच कुठे पकडतो, पुढचा ब्रेक किती बोटांचा आहे हे हाताला कळलेलं असतं. शिवाय त्या खोऱ्यातली माणसं मला ओळखतात ती येता-जाता थांबल्यामुळे. मेंढ्यांचा कळप आडवा आला की मी इंजिन बंद करून गडग्याला टेकतो. असंच एकदा थांबलो असताना एका म्हाताऱ्या मेंढपाळाने माझ्याकडून पडलेला गडगा रचून घेतला आणि दगडाची लांब बाजू आत कशी ठेवायची ते दाखवलं. इथे मोटरसायकलवाल्यांबद्दल लोकांच्या मनात राग आहे, आणि काही जण माळावर नको तिथे गाड्या घालतात म्हणून तो रास्तही आहे. हळू येणारा, थांबणारा एक जरी त्यांना दिसला तरी मला ते मोलाचं वाटतं.

रेवती_ब | सोमवार, रात्री ९:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गाडीतलं कळत नाही, पायांबद्दल लिहिते. तासभर उभं राहताना गुडघे ताठ लॉक करू नका. थोडे वाकलेले ठेवा आणि वाकायचं ते कंबरेतून नाही, खुब्यातून. पाठ सरळ, ढुंगण मागे. पाऊल फूटरेस्टवर चवड्याच्या थोडं मागे टेकवा, नाहीतर पोटऱ्या भरून येतील. थंडीत निघण्याआधी पाच मिनिटं घोटे फिरवा.

आणि एक विचारते, राग मानू नका. डिसेंबरात तिकडे चारलाच अंधार होतो ना? एवढासा दिवा असलेली गाडी, त्यावर उभा माणूस. घरचे कसे जाऊ देतात?

गडगेकर | सोमवार, रात्री १०:१०

ताई, राग कसला. बायकोची अट हीच आहे: अंधार पडायच्या आत घरी. इथे दिवे नसलेल्या मोटरसायकललाही वार्षिक तपासणीचं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण मग ती फक्त दिवसा आणि स्वच्छ उजेडातच चालवायची. माझ्या गाडीला दिवे आहेत, तरी मी स्वतःला तोच नियम लावून घेतला आहे. नोव्हेंबर ते जानेवारी दुपारी दोनला मैदान सोडतो. धुकं असेल तर निघतच नाही. अंगात पिवळं जॅकेट, डोक्यावर रस्त्याला मान्य असलेलं हेल्मेट.

उभ्या माणसाचा एक फायदा मात्र आहे, गडग्यापलीकडचं दिसतं. वळणामागून येणारा ट्रॅक्टर मला कारवाल्याच्या आधी दिसतो. खुब्यातून वाकण्याचं या रविवारी करून बघतो.

लोचकाठी | मंगळवार, सकाळी ६:४०

स्कॉटलंडात फोर्ट विल्यमला हॉटेलात काम करतो, मूळ गाव वाई. मे महिन्यात इथे सहा दिवसांची ट्रायल असते, १९०९ पासूनची, तेव्हा माझी हॉटेलातली सुट्टी ठरलेली. जुनी_बुलेट यांनी जॉनी ब्रिटनचं लिहिलं ती हीच. १९६५ साली सॅमी मिलर इथेच बुल्टाको या हलक्या टू-स्ट्रोकवर जिंकला आणि पुढे जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस सरले.

गडगेकर, तुमच्या प्रश्नाचं जितंजागतं उत्तर इथे आहे. रोज साधारण ३० सेक्शन, पण ते शेजारी-शेजारी नसतात. किनलॉकलेव्हनच्या पाइपलाइनवरून दुसऱ्या डोंगरात, तिथून तिसऱ्या. मधलं अंतर माळावरून आणि सार्वजनिक रस्त्याने गाडी चालवतच काटायचं. काही दिवशी एकूण पल्ला शंभर मैलांच्या आसपास जातो. म्हणून इथे येणारी गाडी रस्त्याला कायदेशीर असावीच लागते. रात्री गाड्या कुंपणात बंद, सकाळी आपापल्या वेळेला मिळतात. मी पाहिलंय, जिंकणारेही रस्त्यावर उगाच ताणत नाहीत. पाय सैल सोडून, एक गुडघा टाकीला टेकवून निवांत येतात. पावसात भिजलेले असतात, पण चेहरा निवांत. ते एक गुडघा टेकवणं करून बघा, दुसऱ्या पायाला विसावा मिळतो.

सातमाळ | मंगळवार, सकाळी ११:३०

नाशिकहून. आम्ही चौघं एक्सपल्स २०० घेऊन डोंगरात जातो, ट्रायल नाही म्हणता येणार, पण दगडांतून हळू काढायचा नाद तोच. आपल्याकडे खरी ट्रायल गाडी आणली तरी ती रस्त्यासाठी रजिस्टर होत नाही, मग टेम्पोत घालून नेणं आलंच. म्हणून रस्त्याला आणि दगडाला एकच गाडी हाच मार्ग. तुमची हवेची युक्ती आम्ही वापरतो, पण ट्यूबमुळे १२ च्या खाली जात नाही.

एक विनंती इथे वाचणाऱ्या सगळ्यांना: सडे, पठारं सोडा. पावसाळ्यात सड्यावर जी बोटभर माती असते तिच्यात वर्षभराचं बी असतं, एका चाकाच्या चाकोरीने ते वाहून जातं. ओढ्याच्या पात्रात गाडी घालणंही आम्ही बंद केलं. आमचा सराव एका मित्राच्या बंद पडलेल्या खाणीत चालतो, तिथे कोणाचं काही बिघडत नाही.

गडगेकर, ब्रेकचं काही लिहिलं नाहीत. इतका वेळ उभं राहून उजवा पाय ब्रेकवर जात नाही का?

गडगेकर | मंगळवार, रात्री ९:००

सातमाळ, तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. ते लिहायचं राहिलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये परतताना बार्डनच्या अलीकडे गाडी जड वाटू लागली. मला वाटलं वारा समोरून आहे. दोन किलोमीटर तसाच रेटत गेलो. मग मागून जळका वास आला आणि चाक थांबायला लागलं. उतरून पाहिलं तर मागची डिस्क निळी पडलेली. झालं असं: पाय थकले की उजव्या पायाचा चवडा नकळत ब्रेकच्या पेडलवर टेकतो. दाब इतका कमी असतो की कळत नाही, पण पॅड डिस्कला घासत राहतात. ट्रायलची मागची डिस्क लहान, ऑइलही चमचाभर. ते तापून फुगतं, फुगलं की पॅड आणखी दाबतं, आणि ते चक्र आपोआप थांबत नाही. चाक पूर्ण बसलं असतं आणि मागे कार असती, तर आज मी हे लिहीत नसतो. अर्धा तास गडग्याला टेकून थांबलो, डिस्क निवल्यावर चाक सुटलं. घरी येऊन ब्रेकचं ऑइल बदललं, पेडल एक बोट खाली घेतलं, आणि पेडलला मुळात थोडी ढील आहे का ते आता दर फेरीआधी हाताने बघतो. वाटेत थांबलो की पहिलं काम, मागच्या डिस्कजवळ हात नेऊन ऊब बघायची. हात लावायचा नाही, जवळ न्यायचा.

तुमची खाणीची कल्पना मी क्लबात सांगणार आहे. इकडेही बंद पडलेल्या खाणी पुष्कळ आहेत.

गडगेकर | पुढचा रविवार, सायंकाळी ६:१५

आज जाऊन आलो. पुढे १८, मागे १४. बीम्सलीच्या खड्ड्यांवर पुढचं चाक जरा उड्या मारत होतं, पण वळणावर गाडी रेषेत राहिली. पंपदादा, आभार. रेवतीताई, खुब्यातून वाकल्यावर पाठ दुखली नाही, बोल्टन ॲबीला उतरायची गरजही भासली नाही, तरी पाच मिनिटं थांबलो. लोचकाठी, गुडघा टाकीला टेकवण्याचं डाव्या बाजूला जमतं, उजव्या बाजूला सायलेन्सरकडून गरम लागतं, तिकडे जाड पँट घालून बघेन.

मैदानावर ओढ्याकाठी एक तिरका खडक आहे, गेले आठ महिने त्याने मला दर वेळी किमान एक पाय टेकवायला लावलाय. आज तिसऱ्या प्रयत्नात न टेकता वर गेलो. वही घेऊन कोणी उभं नव्हतं. परतताना बर्न्सलच्या पुलावर तोच मेंढपाळ भेटला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात वरच्या कुरणातला गडगा पडलाय, येशील का. होय म्हटलंय. त्या दिवशी सरावाला जाणार नाही, गाडी मात्र घेऊन जाईन.

निवडुंग | पुढचा रविवार, रात्री ८:००

तिरक्या खडकाबद्दल अभिनंदन! गडगा रचल्यावर त्याचाही वेगळा धागा काढा. दगडाची लांब बाजू आत म्हणजे नक्की कसं, ते मला समजून घ्यायचंय, आमच्या शेतावरचा बांधही पडलाय.